मादाम फाब्रच्या मळ्यातला घोट

मा दे कायू, मोंपेलिएजवळ, फ्रान्स
२ सप्टेंबर १९६४

प्रिय सिंधूताईस,
सप्रेम जय भीम.

पत्ता बदलला आहे, बघितलंस ना? घाबरू नकोस. कॉलेजात वर्षभर पुस्तकं वाचून झाली. आता दुसरं वर्ष प्रत्यक्ष मळ्यावर राहून काम करायचं. मला हा मळा मिळाला. नावाचा अर्थ ‘गोट्यांचा मळा’. जमिनीत माती कमी आणि गोटे जास्त. आपल्या ज्ञानगंगा नदीच्या काठावर जसे असतात, तसे गुळगुळीत. मालकीण मादाम फाब्र, साठीची, विधवा, बाबांएवढीच कडक. सकाळी माझ्याआधी वेलींत उभी असते.

आता मुख्य गोष्ट, आणि ही फक्त तुला. द्राक्षशेती शिकायची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा मला वाटलं होतं, द्राक्षं म्हणजे खायची द्राक्षं. इथे आल्यावर कळलं की या मुलखात द्राक्षं खायला कुणी पिकवत नाही. सगळ्यांची वाइन होते, लाल, रोज जेवताना पिण्याची. आणि शेवटच्या परीक्षेत दहा पेले पुढे ठेवतात. वास घेऊन, चव घेऊन सांगायचं की कुठल्या द्राक्षाची, चांगली की वाईट, त्या भावाला परवडते की नाही.

तू दचकलीस. ऐक. इथले जाणकार वाइन तोंडात घेतात, घोळवतात आणि थुंकून टाकतात. तळघरात त्यासाठी वाळू भरलेली पेटी असते. दिवसाला पन्नास पेले चाखणारा माणूस गिळत बसला तर संध्याकाळी घरी कसा जाणार? मी पण थुंकतो. आजवर एक थेंब घशाखाली गेलेला नाही. पण नागपूरला दीक्षाभूमीवर बाबांच्या शेजारी उभं राहून दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील घेतलं तेव्हा तोंडात घेण्याचं काय, हे कुणी विचारलं नव्हतं. मोडतं का गं शील अशानं? बाबांना इतक्यात सांगू नकोस.

मळ्याची गोष्ट मात्र त्यांना सांग, आवडेल. नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेतून एक बारीक किडा आला आणि फ्रान्सभरच्या वेलींची मुळं खाऊन गेला. मादामच्या आजेसासऱ्यांनी सगळा मळा उपटून जाळला, मग अमेरिकेचीच मुळं आणून त्यावर इथल्या वेलींची कलमं बांधली. पुढे १९०७ साली भाव असा पडला की शेतकऱ्यांनी मोंपेलिएला लाखोंचा मोर्चा नेला. तिचे सासरे त्यात होते.

मादाम म्हणते, मोठ्या नावाच्या बाटलीत माणूस निम्मे पैसे वर चिकटवलेल्या कागदाचे देतो. तिची गिऱ्हाइकं म्हणजे रेल्वेतली माणसं, शाळामास्तर, न्हावी. कमी भावात चांगली लाल वाइन हवी असेल तर नाव विसरा, उतार बघा, गोटे बघा, म्हातारी वेल बघा, असं तिचं सांगणं. मला आपली मिरची आठवली. भिवापुरी म्हटलं की व्यापारी चढा भाव देतो, आणि वडनेरची तितकीच तिखट मिरची मात्र तोंड वाकडं करून घेतो.

तुझा,
दौलत


वडनेर भोलजी
२१ सप्टेंबर १९६४

प्रिय दौलतला,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

अरे देवा म्हणायची सोय नाही आता, नाहीतर तेच म्हटलं असतं! सगळ्या जगात शिकायला तुला हेच सापडलं? पत्र शाळेत आलं म्हणून बरं. मधल्या सुट्टीत दोनदा वाचलं आणि पिशवीत तळाशी ठेवलं.

बाबांना मी एवढंच वाचून दाखवलं की द्राक्षाच्या मळ्यावर आहेस. किडा आणि मोर्चा, दोन्ही सांगितले. मोर्च्याचं ऐकून ते वांग्याच्या वाफ्यातच उभे राहिले. म्हणाले, “मंग थे बी आपल्यासारखेच लोक म्हना!” आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत फिरतात, “माहा दौलत फ्रान्सात द्राक्षं पिकवून राह्यला. आला की वडनेरात मांडव घालते का नाही पाहा!” माय असती तर तिनं ओवाळलं असतं तुला. माय गेल्यापासून बाबांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून माझी जीभ पुढे वळलीच नाही.

शील मोडतं की नाही, मला काय विचारतोस? मी चौथीला शिकवते, भिक्खू नाही. माझ्या मते चूल फुंकताना धूर नाकात गेला म्हणजे विडी ओढली असं होत नाही. पण बाबांचं मत वेगळं पडेल. दीक्षेनंतर वस्तीतली मोहाची भट्टी त्यांनी स्वतःच्या हातानं फोडली, आणि नियमही त्यांचाच आहे: जो पिईल, त्यानं विहारात सगळ्यांपुढे उभं राहून पंचशील पुन्हा घ्यायचं. आतापर्यंत कितीतरी जण उभे राहिले. गेल्या पौर्णिमेला कडूबाला उभं केलं. तो मान खाली घालून रडला, तरी बाबांनी सूट दिली नाही.

तेव्हा थुंकत राहा, आणि गप्प राहा. मी आहे इकडे.

तुझी,
ताई


मा दे कायू
१४ ऑक्टोबर १९६४

प्रिय ताई,
जय भीम.

धुराचं उदाहरण वाचून हसलो. चौथीची पोरं फार पुढे जाणार.

काढणी संपत आली. सकाळी कात्रीनं घड तोडायचे, पाठीवरच्या टोपलीत टाकायचे, उतारावरून खाली आणायचे. स्पेनहून आलेल्या बायका तोडतात, गातात, मला चिडवतात. हात जांभळे झालेत, साबणानं निघत नाहीत. परवा मादामनं मला दहा पेले मांडून दिले. नऊ बरोबर ओळखले. एकात फसलो. महाग समजलो ती शेजारच्या गावची अगदी साधी वाइन निघाली. मादाम मांडीवर थाप मारून हसली. म्हणाली, “हेच शिकायचं असतं. गरिबाची चांगली वाइन ओळखता आली म्हणजे तू तयार झालास.”

ताई, या बाईचं सगळं बोलणं ‘छप्पनच्या आधी’ आणि ‘छप्पनच्या नंतर’ असं असतं. मी चमकलो. छप्पन साल तर आपलं! मग तिनं सांगितलं. त्या फेब्रुवारीत इथे अशी थंडी पडली की ऑलिव्हची शंभर वर्षांची झाडं उभी चिरली, आणि खालच्या अंगाच्या म्हाताऱ्या वेली मेल्या. मुलगा एत्येन तेव्हा वीस वर्षांचा. त्यानं आणि तिनं मिळून नवी लावणी केली. पुढं त्याला सक्तीच्या लष्करात अल्जीरियाला नेलं. तो परत आला नाही. आता त्या वेली भरात आल्यात. ती त्यांच्या ओळीतून चालताना हात लावत जाते, तेव्हा मी मागे राहतो.

मीही माझं छप्पन सांगितलं. नागपूर, पांढरे कपडे, बाबांचा हात. वाइनचं शील तेवढं सांगितलं नाही. तिच्याच मळ्यावर राहून तिच्या पिकाला वाईट कसं म्हणू? तिला वाटतं मी फार शिस्तीचा विद्यार्थी आहे, म्हणून नेहमी थुंकतो.

शनिवारी काढणीचं शेवटचं जेवण आहे.

तुझा,
दौलत


वडनेर भोलजी
२० नोव्हेंबर १९६४

प्रिय दौलत,

जे व्हायला नको होतं ते झालं.

काल पौर्णिमा होती. विहारात वंदना झाल्यावर बाबा नेहमीप्रमाणे तुझं कौतुक सांगत होते. कडूबा उठला. त्याचा मेहुणा मुंबईला गोदीत आहे. त्याच्याकडून त्यानं चौकशी केली होती. म्हणाला, “पुंजाजी दादा, फ्रान्सात द्राक्षाची दारू होते, दारू! तुमचा दौलत दारूच्या मळ्यात हाय. आमाले एक न्याय अन् लेकाले दुसरा काऊन?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलता आलं नाही रे. सगळं सांगितलं, थुंकण्याचं सुद्धा. कुणीतरी हसलं. बाबा उठले आणि चपला न घालताच घरी गेले.

आज सकाळी माझ्या दारात आले. आत आले नाहीत. म्हणाले, “लिव त्याले. एकच गोष्ट इच्यार. गिळली का? खरं सांग म्हना. गिळली असंल तं माह्या घरात पाय ठेवू नको. अन् नसंल गिळली, तं मी भर विहारात सांगीन का माह्या लेकानं नाही गिळली.”

मी म्हटलं, बाबा, त्याची परीक्षा आहे, तो शिक्षण सोडून येईल अशानं. तर म्हणाले, “शिक्षन कोनासाठी घेऊन राह्यला थो?” आणि गेले. मिरच्या तशाच पडून आहेत, तोडणी थांबली आहे.

दौलत, मी तुझ्या बाजूनं आहे, हे तुला सांगायला नको. पण त्यांना खरं उत्तर दे. ते वाट पाहत आहेत. पोस्टमन दिसला की उठून उभे राहतात आणि मग काहीतरी काम असल्यासारखं करतात.

ताई


मा दे कायू
५ डिसेंबर १९६४

प्रिय ताई,
जय भीम.

बाबांना ताठ मानेनं सांग: नाही गिळली. आणि नुसतं तळघरात नाही, भर पंगतीत नाही गिळली!

काढणीच्या शेवटच्या जेवणाचं लिहितो. दुपारी अंगणात तुतीच्या झाडाखाली लांब टेबल मांडलं होतं. सगळे मजूर, शेजारी, गावचा मेयर सुद्धा. मादामनं एक जुनी बाटली आणली. १९३६ची, एत्येनच्या जन्मसालची. त्या वर्षीच्या थोड्या बाटल्या त्याच्या बापानं तळघराच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्या होत्या. तो गेल्यापासून दर काढणीला ती एक उघडते. ही शेवटची होती. जुनी वाइन कधी जिवंत निघते, कधी मेलेली, म्हणून इथे एकानं आधी चाखायची रीत आहे. हा मान घरच्या कर्त्या पुरुषाचा. मादामनं पहिला पेला मला दिला.

सगळे बघत होते. मी पेला तोंडाला लावला. घोट घोळवला. ताई, तुला खरं सांगतो, अशी चव मी कधी घेतली नव्हती. गिळावं असं वाटलं. एका क्षणापुरतं वाटलं. आणि मग मला बाबा दिसले. मी मान वळवली आणि मागे जमिनीवर थुंकलो.

मादामनं बाटली उचलली आणि घरात घेऊन गेली. परत आली तेव्हा तिनं सगळ्यांना साधी वाइन वाढली.

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. माझं ताट स्वयंपाकघरात झाकून ठेवते, स्वतः आधीच जेवून घेते. असू दे. शील पाळायचं म्हणजे थोडं सोसावं लागणारच. बाबांनी आयुष्यभर किती सोसलं! कडूबाला सांग, न्याय एकच आहे.

बाबा काय म्हणतात ते लगेच कळव. ते मला घरात घेतील ना? परीक्षा जूनमध्ये आहे, पण मला त्या परीक्षेपेक्षा या उत्तराची जास्त काळजी लागली आहे.

तुझा,
दौलत


वडनेर भोलजी
१० जानेवारी १९६५

प्रिय दौलतला,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. कारण वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा बाबा अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी आनंदानं पळतच गेले आणि शब्द न् शब्द वाचून दाखवला. ‘नाही गिळली’ ऐकताच त्यांनी डोळे मिटले. मग मी पंगतीचं वाचलं. मला वाटलं, आता उठतील आणि विहारात जातील. ते उठले नाहीत. म्हणाले, “पुन्हा वाच. थुकला तिथून.”

मी पुन्हा वाचलं. मग ते जे बोलले ते मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. मायलासुद्धा माहीत नव्हतं म्हणाले. तसंच लिहिते.

“मी नांदुऱ्याच्या टेसनावर हमाली करत होतो तवाची गोष्ट. उन्हाळा. डब्यातली एक बाई चक्कर येऊन पडली. कोनी पानी आनेना. मी माह्या लोट्यात पानी आनलं, तिच्या तोंडाले लावलं. तिनं घोट घेतला. डोये उघडले. मले म्हने, देवासारखा आला रे बाबा. तेवढ्यात मांगून कोनी सांगितलं, हा अमक्या जातीचा. तोंडातलं पानी तिनं तसंच थुकलं. माह्या पायावर पडलं थे. मंग चूळ भरली, एकदा नाही, तीनदा. लई पानी आलं मंग, लोकाइनं घागरी आनल्या चूळ भराले. म्या थो लोटा तिथंच टाकला, सिंधू. अजून पायावर थे ओलं लागते.”

मी रडायला लागले. ते रडले नाहीत. शेंगा फोडत राहिले.

मी म्हटलं, बाबा, त्यानं जातीसाठी नाही थुंकलं, शिलासाठी थुंकलं. ते म्हणाले, “थे तुले ठाव, मले ठाव. त्या माउलीले काय ठाव? तिले एवढंच दिसलं का माह्या मेल्या लेकाच्या नावाचं मी हातानं देल्लं, अन् यानं थुकलं. गिळली नाही हे बराबर केलं. पन तोंडात घेतलीच काऊन? हात जोडून म्हनाचं होतं, माय, मी घेत नाही. तळघरात थुकते थे काम झालं. पंगतीत थुकते थो मानूस कसा झाला?”

मी विचारलं, मग दौलतनं घरी यायचं की नाही? माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी. “घर त्याचं हाय. पन आला का त्यानं विहारात उभं राहाचं, कडूबावानी. दारूसाठी नाही. थुकल्यासाठी. अन् परीक्षा देऊन येजो म्हना, अर्ध्यात सोडून नको येऊ.”

पौर्णिमेला त्यांनी हेच विहारात सांगितलं. टेसनाची गोष्ट सोडून बाकी सगळं. कडूबा पुढे आला आणि त्यांच्या पाया पडायला वाकला. बाबांनी त्याला वरच्या वर धरलं.

आणि उशिराचं कारण. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच शेंगांचे दाणे भाजले, कुटले, गूळ घातला आणि स्वतः लाडू वळले. मला हात लावू दिला नाही. “माह्या हातचेच पाह्यजेत.” एकसारखा एक नाही, काही तर बोरासारखे झालेत. पत्र्याच्या डब्यात भरून, डबा कापडात शिवून मी नांदुऱ्याहून पार्सल केलं. बोटीनं येईल, वेळ लागेल. तोवर तू मादामपुढे जा आणि हात जोड. डबा आला की त्या बाईला दे. घेतले तर घेतले, नाही घेतले तर त्यांना कळवू नकोस, असं त्यांनी सांगितलं आहे. तसं झालंच तर फक्त मला लिही, शाळेच्या पत्त्यावर.

तुझी,
ताई


मा दे कायू
१९ मार्च १९६५

प्रिय ताई,
जय भीम.

हे पत्र बाबांसमोर वाच.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी मादामकडे गेलो. ती वेली छाटत होती. मी हात जोडले आणि सगळं सांगितलं. शील, विहार, कडूबा, आणि बाबांची परवानगी न घेताच स्टेशनवरची गोष्टसुद्धा. बाबा, मला क्षमा करा, ती सांगितल्याशिवाय बाकीचं तिला कळलं नसतं.

ती कात्री हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, “मला वाटलं, ती वाइन मेलेली होती. तू कॉलेजात शिकलेला, तू थुंकलास, म्हणजे नासली. मी चाखलीच नाही. व्हिनेगरच्या मडक्यात ओतून टाकली. मग तुला बघितलं की तेच आठवायचं, म्हणून दूर राहिले.”

ताई, मी तिला सांगितलं की ती जिवंत होती. मी आजवर चाखलेल्या सगळ्यांत चांगली होती. याचा काय उपयोग होता? तिच्या मुलाच्या जन्मसालचा शेवटचा घोट जगात फक्त माझ्या तोंडात गेला, आणि तो मी मातीत टाकला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मग कशी होती ते सांग.” तिथेच बांधावर बसून मी तिला सांगितली. जांभळासारखी, मग ओल्या लाकडासारखी, मग बराच वेळ जात नाही अशी काहीतरी गोड. तिनं पुन्हा सांगायला लावलं. बाबा बरोबर बोलले. मी विहारात उभा राहीन, आणि कुणी सांगितलं नसतं तरी राहिलो असतो.

त्या दिवसापासून ताटं पुन्हा एकत्र आहेत. माझ्यासमोर पाण्याचा जग असतो.

डबा गेल्या शनिवारी आला. लाडू थोडे फुटले होते. दुसऱ्या दिवशी रविवारचं जेवण होतं, शेजारीपाजारी होते, मेयरही होता. मी डबा तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, माझ्या वडिलांनी स्वतःच्या हातानं केलेत. तिनं विचारलं, “स्टेशनवर पाणी दिलं, त्यांनी?” मी हो म्हटलं. ती उभी राहिली. सगळ्यात मोठा लाडू उचलला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि उभ्या उभ्याच खाल्ला. हळूहळू, शेवटच्या कणापर्यंत. मग बोटं चाटली.

बाबा, तिनं खाल्ला. आणि दुसरा मागून घेतला.

तुमचा,
दौलत